न दिलेला हात

सान तेल्मो गावात मानाय सालविंग बाजाराला निघाली की तिला पोचायला अर्धी सकाळ लागायची. अंतर फार नव्हतं. पण वाटेत भेटेल ते पोर, भेटेल ती पोरगी, मिशा फुटलेला बाप्यासुद्धा थांबायचा, वाकायचा आणि तिचा उजवा हात घेऊन आपल्या कपाळाला टेकवायचा. "देव भलं करो," असं पुटपुटून ती पुढे व्हायची. त्यांतले निम्मेअधिक तिचे धर्माचे मुलगे नि मुली होते. तिला स्वतःला मूल झालं नाही, आणि बऱ्या चालीच्या बिनमुलाच्या बाईला आमच्याकडे लोक सुखाने बसू देत नाहीत. ज्याच्या घरी पाळणा हलला तो हिच्या दारात हजर. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातावर घेतलं की ती त्याची नीनांग झाली, धर्माची आई, आणि सख्ख्या आईची जन्माची मैत्रीण. हे नातं कायद्याच्या कुठल्या पुस्तकात सापडत नाही, पण आमच्या गावात त्याच्यावाचून पान हलत नाही.

तिचं पूर्ण नाव साल्वासिओन बेर्मास; मानाय म्हणजे ताई, थोरल्या बाईला मारायची मानाची हाक. चर्चच्या फाटकाशी तिचं दुकान, म्हणजे एक बाक आणि वर छत्री. अळूच्या पानांत मिरची, सुकी मासळी आणि नारळाचं दूध बांधून शिजवलेल्या पुड्या ती विकायची. नवरा डेल्फिन तीनचाकी चालवायचा. माणूस जिभेचा तिखट, मनाचा मऊ. तीस वर्षांच्या वर हे दोघे एका छपराखाली राहिले, पण बायको मत कुणाला देते हे डेल्फिनला कधी कळलं नाही. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "माझ्या बायकोच्या पोटात शिरलेली गोष्ट पाद्र्यालासुद्धा बाहेर काढता येत नाही. मी तर फक्त नवरा आहे."

याला कारण होतं. सालविंग आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, निवडणूक पहारा मंडळाची प्रमुख होती आणि त्या मंडळाचा पहिला नियमच तो होता. आपलं मत सांगायचं नाही, दाखवायचं नाही, चेहऱ्यावरसुद्धा येऊ द्यायचं नाही.

याची सुरुवात मात्र मंडळाच्याही आधीची आहे. देशाच्या तेव्हाच्या हुकूमशहाने घाईघाईने निवडणूक लावली त्या फेब्रुवारीत सालविंग चोविशीची होती. बेलेन नावाच्या मैत्रिणीबरोबर ती रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायची. मतपेट्यांवर नजर ठेवायला राजधानीतल्या लोकांनी एक संघटना उभी केली होती. पण लहान गावांत त्या संघटनेकडे माणसं कुठली? तिथे चर्चच्या धर्मभगिनींनी आपल्या ओळखीच्या पोरी गोळा केल्या. सिस्टर फिलोमेना या दोघींना म्हणाली, पेटी शाळेतून निघाली की नगरपालिकेत पोचेपर्यंत तिला चिकटून चालायचं, बाकी देव बघेल. बेलेन तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. सगळ्यांनी नको म्हटलं तरी ती आली.

मतदान उरकल्यावर दुसऱ्या सकाळी पेटी निघाली. दोन शिक्षक पेटी धरून, आणि भोवती आठ-दहा बायका एकमेकींच्या कोपरात कोपर अडकवून, जपमाळ म्हणत. पुलावर विल्यारुसांची माणसं उभी होती. विल्यारुस म्हणजे आमचे महापौर, त्यांचे वडीलही महापौर, आणि पुलाखालच्या वाळूपासून वरच्या दिव्यांपर्यंत सगळं त्यांचं. त्यांच्या माणसांनी ओरडाआरडा केला नाही की गोळी झाडली नाही. बायकांच्या हातांची साखळी त्यांनी सोडवली, ढकलाढकलीत बेलेन पडली, आणि पेटी जीपमध्ये चढली. एवढं होईतो जपमाळेचे दहा मणीही पुरे झाले नव्हते. पुढे काही दिवसांनी राजधानीत लाखो लोक रस्त्यावर बसले आणि हुकूमशहा विमानात बसून पळाला. गावोगाव घंटा वाजल्या, आमच्याकडेही वाजल्या. आमची पेटी मात्र कुणालाच सापडली नाही, आणि ती शोधायची आठवणही फार दिवस कुणाला राहिली नाही.

बेलेनच्या पोटातलं पोर वाचलं. त्याचं नाव त्रांकिलिनो ठेवलं, म्हणजे शांत; हाक मारायची ती लिनो. पोर जन्मल्यापासून गाव डोक्यावर घ्यायचं. बाप्तिस्म्याला त्याला हातावर कुणी घ्यायचं, हा प्रश्नच नव्हता.

पाच-सहा वर्षांनी बिशपांकडून पत्र आलं, की आता पॅरिशांनी आपापलं मंडळ उभारावं. प्रत्येक शाळेच्या दाराशी आपले लोक बसतील, मतदारांना वाट दाखवतील, मोजणी पाहतील, आणि कुणाच्याही बाजूचे नसतील. फादर अन्सेल्मोंनी मिस्सानंतर हे वाचून दाखवलं आणि कोण पुढे येतं म्हणून विचारलं. चर्चमध्ये इतकी शांतता पसरली की पाली ऐकू येत होत्या. शेवटी बेलेनने सालविंगला कोपराने ढोसलं आणि सालविंग उभी राहिली. पुढे ती सांगायची, मी उठले नव्हते, मला उठवलं होतं.

तेव्हाची मोजणी हाताने व्हायची. शिक्षिका एकेक मतपत्रिका उघडून नाव वाचायची, दुसरी फळ्यावर खडूने रेघ मारायची. चार उभ्या आणि पाचवी आडवी, की झाली एक जुडी. सालविंग पुढच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसायची आणि बघायची. बोलायची काहीच नाही. पण ज्या शिक्षिकेच्या पोराला तिने बाप्तिस्म्यात हातावर घेतलं, जिच्या लग्नात पुड्या वाटल्या, तिला त्या नजरेसमोर चुकीची रेघ मारणं जड जायचं. एका वर्षी दिवेलागणीला वीज गेली. शिक्षिका मेणबत्ती शोधायला धावल्या, आणि सालविंग उठून सरळ मतपेटीवर जाऊन बसली. वीज आली तरी उठेना. मुख्याध्यापक म्हणाले, मानाय, आता पेटी उघडायचीय, उठा. तर म्हणे आधी सगळे आपापल्या जागी बसा, मग उठते. हा किस्सा डेल्फिनने पुढची वीस वर्षं चालवला. माझ्या बायकोने आख्खी लोकशाही बुडाखाली घेतली होती, असं तो सांगायचा.

गंमत अशी की एवढा पहारा करूनही विल्यारुसच निवडून यायचे. पेट्या पळवायची गरज संपली, कारण लोक त्यांना आपण होऊन मतं द्यायचे. कुणाच्या आईला इस्पितळात नेलं तेव्हा जीप त्यांची, कुणाच्या बापाला पुरलं तेव्हा शवपेटी त्यांची. उपकाराची जाण ठेवणं ही आमच्याकडे माणुसकीची पहिली खूण मानतात, आणि न ठेवणाऱ्याला बेशरम म्हणतात. सालविंगला हे कळत होतं. आपलं काम फक्त एवढंच, की लोकांनी जे टाकलं तेच फळ्यावर उमटावं. त्यांनी काय टाकावं हे आपल्या हातात नाही. या एका गोष्टीशी जुळवून घ्यायला तिला फार वर्षं लागली, आणि पुरतं जमलं असं मला वाटत नाही.

लिनो दहा वर्षांचा असताना बेलेन तापाने गेली. बाप आधीच समुद्रात बुडून गेलेला. काकाच्या घरी पोर झोपायचं, पण जेवायचं सालविंगकडे. शाळेचा गणवेश, पायांतला चपलांचा जोड, पहिल्या प्रभुभोजनाचा पांढरा सदरा, सगळं हिनेच पाहिलं. घरात पाऊल टाकताना लिनो आधी तिचा हात कपाळाला लावायचा, मगच भांड्याकडे बघायचा. मोठा होऊन तो नागा शहरात शिकायला गेला, इंजिनिअर झाला, सुटीत यायचा तेव्हाही दारात आधी वाकायचा आणि मग विचारायचा, "नीनांग, काय शिजलंय?"

मधल्या काळात यंत्रं आली. मतपत्रिका यंत्राच्या तोंडात सरकवायची, आत मोजणी आपोआप. खडू गेला, फळा गेला. सालविंगच्या मंडळातल्या बायकांना वाटलं, आपलं काम संपलं. मग त्यांना मदत-टेबल मिळालं: कुणाचं नाव कुठल्या खोलीत, म्हाताऱ्याला जिना चढवायचा, उन्हात उभ्या असलेल्यांना पाणी द्यायचं. सालविंग तेही मनापासून करायची, पण घरी येऊन डेल्फिनला म्हणायची, "शिक्षिकेकडे बघितलं तर तिला लाज वाटायची. यंत्राकडे मी किती वेळ बघत बसू?"

आणि मग त्या वर्षी लिनो महापौरपदाला उभा राहिला.

समोर रेनाटो विल्यारुस, पुलावरच्या त्या महापौरांचा धाकटा मुलगा. माणूस म्हणून वाईट नव्हता. नम्र, हसतमुख, आणि बापाच्या काळातलं काही आठवत नसल्यासारखं वागणारा. लिनोने नागाची नोकरी सोडली, पुलाच्या वाळूचा उपसा थांबवीन म्हणाला, आणि गावातली तरुण पोरं त्याच्यामागे निघाली. तीस वर्षांत पहिल्यांदा लोक चहाच्या टपरीवर हळू आवाजात बोलू लागले, की या खेपेला काही सांगता येत नाही.

सालविंगचं काय झालं असेल ते मी सांगायला नको. बेलेनच्या पोराने त्या खुर्चीत बसावं असं तिला जितकं वाटलं तितकं आयुष्यात दुसरं काही वाटलं नसेल. अगदी मूल व्हावं असंसुद्धा नाही. ती उठून नव्या फादरांकडे, फादर हेरोनिमोंकडे गेली आणि म्हणाली, मला या वेळी मोकळं करा. फादर तरुण, नियमाला धरून चालणारे. त्यांनी नियम काढून दाखवला. उमेदवार रक्ताच्या किंवा लग्नाच्या जवळच्या नात्यातला असेल तर बाजूला व्हायचं. धर्माच्या मुलाबद्दल काही लिहिलेलं नाही. शिवाय धर्माची मुलं धरली तर मानायला कुठल्याच निवडणुकीत बसता आलं नसतं, असं ते हसून म्हणाले. तुम्ही उठलात तर लोक म्हणतील मंडळ मोडलं. सालविंग परत आली. डेल्फिन एवढंच म्हणाला, की नियम लिहिणारा माणूस आपल्या गावचा नसावा.

उमेदवारांनी चर्चमध्ये शपथ घेतली. लाच देणार नाही, धमकावणार नाही, हार मान्य करीन. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. लिनो आणि रेनाटो शेजारी शेजारी उभे होते आणि सालविंग खांबाआडून दोघांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. प्रचाराच्या त्या दोन महिन्यांत लिनो तिच्याकडे नेहमीसारखा जेवायला यायचा. निवडणुकीचा शब्द त्याने काढला नाही, तिनेही नाही. मतदानाच्या दिवशी टेबलापाशी माझ्याजवळ येऊ नकोस, हे त्याला सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण एवढ्या शहाण्या पोराला हे काय सांगायचं, असं म्हणून तिने ते गिळलं.

मे महिन्यातला सोमवार होता. सकाळपासूनच शाळेचं पटांगण भाजत होतं. फाटकाच्या आत आंब्याखाली मदत-टेबल, पलीकडे लांबच लांब रांग. पंखे, छत्र्या, कडेवरची पोरं. सालविंग मंडळाचं निळं जाकीट घालून बसली होती. दर मिनिटाला कुणीतरी येत होतं, खोली विचारत होतं, जाताना हात कपाळाला लावत होतं. असे हात ती दिवसभर देत आली होती. एका हाताने यादीवर नाव शोधायची, दुसरा हात ज्याला हवा त्याच्या स्वाधीन करायची.

त्यातच रेनाटो विल्यारुस बायकोसह आला. लोकांनी वाट दिली. टेबलाशी येऊन तो नम्रपणे वाकला आणि तिचा हात कपाळाला लावून म्हणाला, "मानाय, फार ऊन आहे, जपा." ती एका बहिऱ्या म्हाताऱ्याला जिना दाखवत होती. "देव भलं करो," ती म्हणाली आणि पुन्हा म्हाताऱ्याकडे वळली. रांगेत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तिलाही नाही.

थोड्या वेळाने लिनो आला. एकटाच, पांढऱ्या सदऱ्यात. फाटकातून आत शिरला तेव्हाच रांगेतली बोलणी बंद पडली आणि सालविंगला ती बंद पडल्याचं ऐकू आलं. तिने वर पाहिलं. लिनो तिच्याकडे येत होता, आणि त्याच्यामागे सगळी रांग, माना वळवून, या टेबलाकडे पाहत होती. बाजारातल्या बायका, शिक्षिका, तिची कितीतरी धर्माची लेकरं. हे सगळे लोक तिला विचारायला आले नव्हते, पण सगळे तिच्याकडून काहीतरी कळायची वाट बघत होते. मानायचा कौल.

लिनो वाकला आणि त्याने हात पुढे केला.

तिचा हात टेबलावरच होता. तिने तो उचलला, दुसराही उचलला, आणि दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर ठेवले. तोंडातून शब्द निघाले ते असे: "नाव कुठल्या खोलीत आहे ते दारावर लावलंय. वाचून घ्या."

घ्या म्हणाली. ज्या पोराला तिने भरवलं त्याला. त्याची खोली तिला पाठ होती. लिनो क्षणभर तसाच वाकलेला राहिला, हात रिकामा. मग सरळ झाला, "बरं, मानाय," म्हणाला आणि जिन्याकडे गेला. नीनांग म्हणाला नाही. रांगेत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? स्वतःच्या पोराला नाही दिला, आणि त्याला दिला." शेजारीण टेबलाकडे बघत राहिली.

लिनो हरला. थोडक्यात हरला, त्या एका शाळेतली रांग इकडची तिकडे झाली असती तरी चित्र बदललं असतं, असं सगळे म्हणाले. मोजणीत खोट नव्हती, हे लिनोनेही कबूल केलं. शपथ घेतल्याप्रमाणे तो रेनाटोच्या घरी जाऊन हात मिळवून आला.

पुढच्या रविवारी फादर हेरोनिमोंनी व्यासपीठावरून सालविंगचं नाव घेतलं. पहारा कसा असतो हे आपण डोळ्यांनी पाहिलं, म्हणाले. आईचं काळीज बाजूला ठेवून कर्तव्य करणारी स्त्री. बिशपांच्या कार्यालयातूनही शाबासकी आली. लोक वाटेत थांबवून कौतुक करत, आणि जे कौतुक करत नसत ते रस्ता ओलांडून पलीकडून जात. सालविंगला दोन्हींतलं काही सोसवेना. लेकराच्या कानाखाली मारल्याबद्दल गाव आपली पाठ थोपटतंय, असं तिला वाटायचं.

एकदा जेवताना डेल्फिन म्हणाला, "सालविंग, मी तुझी बाजू घेणाराच माणूस आहे. पण एकाला दिलास आणि दुसऱ्याला नाही. दोघांना दिला असतास तर कुणी काय बोललं असतं? दोघांनाही नसता दिलास तरी चाललं असतं."

"मला पहिल्या वेळी सुचलंच नाही रे," ती म्हणाली. "तो आला, वाकला, मी दिला. कोण आलंय हेसुद्धा माझ्या मनापर्यंत पोचलं नव्हतं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

ती भात कालवत बसली.

लिनो नागाला परत गेला. गावच्या सणाला आला नाही, तिच्या वाढदिवसाला आला नाही. जिच्या दारात दरवर्षी रांग लागायची तिच्या दारात त्या सणाला बाकी सगळे आले, वाकले, जेवले, आणि ती प्रत्येकाच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली. तिने मनाशी एक गोष्ट पक्की धरली होती. पोर नेहमीच्या सवयीने वाकलं. त्याच्या ध्यानीमनी काही नव्हतं. माणूस आईला भेटतो तसं भेटायला आलं आणि आपण त्याला चारचौघांत उघडं पाडलं. यात लिनोचा दोष नाही, आपला आहे, आणि माफी आपणच मागायची. वडीलधाऱ्यांनी धाकट्यांकडे माफी मागायची रीत आमच्याकडे नाही. पण रीत बघण्याच्या पलीकडे ती गेली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव कबरस्तानात जातं. थडगी घासायची, पांढरा रंग द्यायचा, फुलं नि मेणबत्त्या लावायच्या, आणि मेलेल्या माणसांजवळ बसून दिवसभर खायचं. बेलेनला दुसरं कुणी नव्हतं. लिनो कुठेही असला तरी या दिवशी येणार, हे सालविंगला माहीत होतं. पुड्यांची टोपली घेऊन ती दुपारी गेली. लिनो थडग्याशी उकिडवा बसून आईच्या नावाच्या अक्षरांत काळा रंग भरत होता. तिची सावली पडली तसं त्याने वर पाहिलं, आणि पुन्हा खाली बघून अक्षर पुरं केलं. उठला नाही. हात रंगलेले होते.

ती शेजारच्या दगडावर बसली. मेणबत्ती लावली. थोडा वेळ दोघांनी एकमेकांशी बोलायच्या ऐवजी बेलेनसाठी प्रार्थना म्हटली. मग सालविंग म्हणाली, "मी तुझी माफी मागायला आलेय, लिनो. तू सवयीने वाकलास आणि मी तुला लोकांसमोर खाली पाहायला लावलं. तुझ्या आईने माझ्या पदरात टाकलेलं पोर तू. मला राहवत नाहीये."

लिनोने कुंचला डब्यावर आडवा ठेवला.

"सवयीने नव्हतो वाकलो, नीनांग."

ती त्याच्याकडे वळली.

"फाटकातच एकाने सांगितलं, रेनाटो मानायचा हात घेऊन गेला. म्हटलं, त्याने घेतला तर मी का नको? मग रांग दिसली. सगळे बघत होते. खरं सांगतो, मी मुद्दाम जरा जास्तच वाकलो." तो थांबला. "इतके महिने आलो नाही ते रागाने नाही. लाज वाटत होती. तुझ्या घरात जसा वाकतो ना, तसा नव्हतो मी त्या दिवशी."

सहा महिने छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं, आणि तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण चुकलो नव्हतो हे कळलं, त्यापेक्षा आपलं पोर निरागस होतं असं कळलं असतं तर तिला जास्त आवडलं असतं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"एक विचारू?" लिनो म्हणाला. त्याचा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "माझं चुकलं, मान्य. पण तुला ते कुठे माहीत होतं? तू तर मला भोळा समजत होतीस. मग त्याला का दिलास आणि मला का नाही? त्याच्या बापाच्या माणसांनी आईला पुलावर पाडलं होतं. मी त्याच्याहून वाईट होतो का?"

सालविंगने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. आजवर ती या विषयावर कुणापाशी बोलली नव्हती. नवऱ्यापाशी नाही, पाद्र्यापाशी नाही.

"त्याला हात दिला तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं," ती म्हणाली. "हात होता, त्याने घेतला. तुला दिला असता तर माझं सगळं तोंडावर आलं असतं, आणि ती रांग ते वाचूनच वर गेली असती. तू वाईट असतास ना बाळा, तर मी हसत हसत दिला असता."

लिनो आपल्या काळ्या-पांढऱ्या बोटांकडे बघत राहिला, ती विजारीला पुसू लागला, पण रंग ओला होता आणि आणखीच पसरला. सालविंगने आपला हात पुढे केला.

"रंग लागेल, नीनांग."

"लागू दे."

तो गुडघ्यांवर आला आणि तिचा हात त्याने कपाळाला लावला. आजूबाजूच्या थडग्यांशी लोक खात होते, पोरं मेणबत्त्यांचं मेण गोळा करत होती, जो तो आपल्या माणसांत गुंतलेला होता. या दोघांकडे कुणी पाहत नव्हतं. तिने हात लवकर काढून घेतला नाही.